मामाच्या पत्त्याचं उत्तर आलं नाही

आमच्यात लग्नाची पत्रिका टपालाने पाठवत नाहीत. घरातल्या दोघांनी जाऊन ती हातात द्यायची, वर अक्षता ठेवायच्या आणि तोंडाने "या" म्हणायचं. त्यालाही क्रम असतो. पहिली पत्रिका गावदेवीपुढे, दुसरी नवरीच्या मामाकडे, मग बाकीचं जग. मुलीला हात धरून मांडवात आणतो तो मामा, म्हणून त्याचं बोलावणं सगळ्यांच्या आधी. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी माझ्या लेकीच्या लग्नात तिच्या मामाला, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला, पत्रिका सगळ्यांत शेवटी गेली. संगणकामुळे झालं असं सगळे म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मी आज लिहून ठेवते आहे.

आम्ही भिवंडीजवळ टेमघरला राहतो. आमचे हे कापडाच्या लूमच्या कारखान्यात मिस्त्री होते. लेक बारावीनंतर संगणकाचा कोर्स करून कशेळीला एका गोदामाच्या ऑफिसात लागली होती. गोदामातून सुटणाऱ्या ट्रकांनी कुठल्या दुकानात आधी जायचं आणि कुठल्या नंतर, त्याच्या याद्या ती काढायची. घरात मोबाईल नुकताच आला होता, संगणक नव्हता. त्यामुळे ती दिवसभर काय करते हे मला नीट कळत नसे. विचारायची मात्र फार इच्छा होई. विचारायचं म्हटलं की माझं तोंड उघडत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव.

पत्रिका छापून आल्या तेव्हा हे वह्या घेऊन बसले. नातेवाईक, भावकी, कारखान्यातले लोक, सगळे मिळून तीन वह्या भरल्या होत्या. गावं पसरलेली. कोणी खाडीकाठाला, कोणी वज्रेश्वरीच्या पलीकडे. ह्यांना रजा पाच दिवसांची.

लेक म्हणाली, "बाबा, वह्या मला द्या. मी रस्ता काढून देते."

"मना रस्ता तू दाखवणार? माझा जन्म इथं झालाय गो."

"जन्म झालाय, पण चुलत ताईच्या लग्नात आत्याकडे तीनदा गेला होता. एकदा पत्रिकाच घरी विसरून."

हे हसले आणि वह्या देऊन टाकल्या.

रविवारी गोदाम बंद असतं. शेठला विचारून लेकीने ऑफिसची चावी आणली. लग्न ठरलेली पोर एकटी कशी जाणार, म्हणून मी सोबत गेले. दारावरचा म्हातारा चौकीदार मला बघून म्हणाला, "मौसी, आप भी कम्प्यूटर सीखोगी?" मी पदर सावरून आत पळाले.

तिने मला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि वहीतली नावं वाचायला सांगितली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचन चांगलं. मी वाचायची, ती टाइप करायची. मधे दोनदा लाइट गेली. दुपारपर्यंत सगळी नावं आणि पत्ते आत गेले. मग ती म्हणाली, "आई, आता गंमत बघ."

तिने संगणकासाठी वीस-पंचवीस ओळींची एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. त्या चिठ्ठीला ती स्क्रिप्ट म्हणायची. मला तिने असं समजावलं. इंटरनेटवर एक नकाशावाले आहेत. त्यांना पत्ता पाठवला की ते दोन आकडे परत पाठवतात. एक आकडा उत्तर-दक्षिणेचा, एक पूर्व-पश्चिमेचा. त्या दोन आकड्यांत जगातली कुठलीही जागा सापडते. माणसाने बसून एकेक पत्ता विचारायचा तर आठवडा जाईल. म्हणून चिठ्ठीत लिहायचं की, यादीतला पहिला पत्ता घे, नकाशावाल्यांना विचार, उत्तर समोर लिही, थोडं थांब, मग दुसरा घे.

"थांबायचं कशाला?" हे मात्र मी विचारलं.

"एका दमात सगळं विचारलं तर ते उत्तर देणं बंद करतात. दोन प्रश्नांच्या मधे दम घ्यावा लागतो. आणि विचारणारा कोण आहे हे कळायला आधी लांबलचक खुणेची अक्षरं पाठवायची. ती मी त्यांच्याकडून घेतली आहेत."

मला हे फार आवडलं. आपण कोण ते सांगायचं, एक गोष्ट विचारायची, थांबायचं, मग दुसरी. एवढं सभ्य वागणं मी बोलक्या माणसांत कमी पाहिलं होतं.

तिने बटण दाबलं. पडद्यावर एकाखाली एक आकडे उमटू लागले, दर ओळीनंतर थोडी विश्रांती घेत. मी प्रत्येक आकड्याबरोबर मनात म्हणत होते, ही थोरली आत्या, हे कारखान्यातले मुकादम, ही माझी मावसबहीण. सगळं संपल्यावर लेकीने नकाशा उघडला. नकाशावर भिवंडीत एकही ठिपका नव्हता. ठाण्यात नाही, मुंबईत नाही. तिने नकाशा मागे मागे नेला. सगळा देश दिसला, मग सगळं जग. तेव्हा अगदी वरच्या टोकाला, निळ्या पाण्यात, आमच्या पाहुण्यांचा लाल पुंजका दिसला.

"अगं बाई," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आकडे उलटे घातले. आधीचा नंतर, नंतरचा आधी. सगळे बर्फाच्या समुद्रात गेले."

"मुकादमपण?"

"मुकादमपण."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की चौकीदार दारात येऊन बघून गेला. तिने एका ओळीत काहीतरी इकडचं तिकडे केलं, पुन्हा बटण दाबलं, आणि पाहुणे बर्फातून निघून आपापल्या गावी आले. खाडीच्या कडेने, वाडा रस्त्याने, वज्रेश्वरीपर्यंत ठिपकेच ठिपके. मला आपली माणसं अशी वरून कधी दिसली नव्हती.

शेवटी तिने टेमघरहून निघून एका घरानंतर त्याच्या सगळ्यांत जवळचं दुसरं, असा क्रम लावून कागद छापला. छापताना म्हणाली, "काही पत्त्यांचं उत्तरच आलं नाही. लहान पाडे आहेत, नकाशावाल्यांना माहीत नाहीत. ते मी सगळ्यांत खाली टाकलेत. बाबांना सांगशील ना, यांचं आपण ठरवायचं म्हणून?"

मी मान हलवली. कागदाच्या तळाला सात नावं होती. शेवटचं नाव माझ्या भावाचं.

त्याचं घर गणेशपुरीच्या बाजारात नाही. तानसा नदीच्या अंगाला, शेतातून चालत गेलं की एक पाडा आहे, तिथं. पत्ता म्हणून आम्ही नुसतं पाड्याचं नाव लिहिलं होतं. मी त्याचं नाव तळाला पाहिलं आणि मला कळलं की हे वर जायला हवं. पण लेक आनंदात होती. कागद मशीनमधून निघाला होता. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगू.

घरी ह्यांनी कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. "बघा, पोरीनं इंटरनेटवरून मागवलाय. आधी इथं, मग इथं. एक फेरा फुकट न्हाय." एवढ्या माणसांत मी काय बोलणार? सकाळी सांगू म्हटलं. सकाळी मित्राची जीप दारात उभी होती.

गावदेवीला पत्रिका ठेवली. मग ह्यांनी गाडी चालू केली आणि म्हणाले, "हं, वाच. पहिला कोण?"

"दादाकडे..." मी म्हटलं.

"कागदावर काय हाय?"

"कागदावर... थोरल्या आत्या."

"मग आत्या."

एवढंच झालं. आणखी एक वाक्य बोलले असते तर ऐकलं असतं ह्यांनी. वाईट माणूस नाहीत. पण मी कागद वाचत गेले. आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. गाडी एकदाही उलटी फिरली नाही. हे प्रत्येक घरी कागद काढून दाखवायचे. मुकादम तर म्हणाले, "पत्रिका ठेव बाजूला, आधी तो कागद दाखव."

तिसऱ्या दिवशी गणेशपुरीच्या बाजारात पोचलो. बाजारातलं घर आमच्या भावकीतल्या एकाचं, पुढे दुकान, मागे राहणं. त्याचा ठिपका नीट आला होता. त्याला पत्रिका दिली, अक्षता दिल्या. तिथून भावाचा पाडा जेमतेम अर्ध्या तासाच्या वाटेवर. माझी मान आपोआप नदीकडे वळली. हे म्हणाले, "दादा शेवटी हायेत न? बरं झालं. शेवटी निवांत जाऊ, जेवूनच येऊ. घाईघाईत मामाकडं जायचं काय?" त्यांच्या बाजूने तो मानच होता. मी गप्प बसले.

त्याच संध्याकाळी दुकानवाला नदीवर गेला आणि माझ्या भावाला म्हणाला, "काय मामा, भाचीची पत्रिका झ्याक छापलीय."

पाचव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा भाऊ ओट्यावर बसला होता. "या" म्हणाला, उठला नाही. पत्रिका घेतली आणि न उघडता फळीवर ठेवली. वहिनीने चहाचं भांडं चुलीवर ठेवलं तर म्हणाला, "दूध न्हाय आज." दूध होतं. दाराशी म्हैस बांधलेली होती.

हे समजावायला लागले. कागद काढला, संगणकाचं सांगितलं. भाऊ ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे संगणकानं ठरवलं की मामा शेवटी."

"तसं न्हाय हो दादा..."

"मग पोरीला मांडवात आणाया त्या संगणकालाच सांगा. मना त्या दिवशी शेतात राबाचं काम हाय."

घरी लेकीला कळलं तेव्हा ती रडली नाही, पण जेवलीही नाही. लहानपणी सुट्टीत ती महिना-महिना मामाकडे असायची. त्याच्या खांद्यावर बसून नदी ओलांडायची. म्हणाली, "मामा नसेल तर मी कोणाचाच हात धरणार नाही. एकटी चालत येईन." ह्यांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनी म्हणाली, "ते शेतावर गेलेत." मागून भावाचा खोकला ऐकू येत होता.

लग्नाला आठ दिवस राहिले. मी एसटीत बसले. एकटी. त्याआधी एवढ्या लांब मी एकटी कधी गेले नव्हते. लेकीने जाताना तो ठिपक्यांचा नकाशा मोठा छापून दिला होता. वाटेत मी बोलायची वाक्यं मनात लावून ठेवली. पहिलं, दुसरं, तिसरं. उतरेपर्यंत सगळी विसरले.

भाऊ शेतात राब रचत होता. भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरायचं आणि मग ते भाजायचं, त्याला आम्ही राब म्हणतो. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा पाल्याकडे वळला. मी पदर खोचला आणि पाला पसरायला लागले. बराच वेळ आम्ही दोघं तसेच काम करत होतो.

शेवटी तोच म्हणाला, "कागद आणलायस का तुझ्या संगणकाचा?"

मी नकाशा काढून बांधावर पसरला. चार ढेकळं ठेवली चार कोपऱ्यांवर. तो वाकून बघत राहिला. "हे ठिपकं म्हंजे?"

"घरं. पाहुण्यांची."

"माझं कुठलं?"

"तुझं न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

मग मी सांगितलं. नकाशावाल्यांना एकेक पत्ता विचारला, बहुतेकांचं उत्तर आलं, तुझ्या पाड्याचं आलं नाही. त्यांना पाडाच माहीत नाही. ज्यांचं उत्तर नाही ते आपोआप तळाला गेले. पोरीने मला सांगितलं होतं, यांचं तुम्ही ठरवा. मी तुझं नाव तळाला पाहिलं होतं, दादा. पहिल्याच दिवशी पाहिलं. बोलले नाही. बाजारात येऊनही बोलले नाही. संगणकानं न्हाय, ह्यांनी न्हाय. तुला शेवटी मी टाकलं.

एवढं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते.

भावाने नकाशावरचं एक ढेकूळ सरळ केलं. मग म्हणाला, "शाळेतपण अशीच. मास्तर विचारायचा, तुला उत्तर यायचं, तू गप्प. आणि छडी कोणाला? तर मना."

"तुला येत नसायचं म्हणून."

"आता बोलतेस!" तो म्हणाला, आणि मिशीत थोडं हसला. पण लगेच गंभीर झाला. बोट नकाशावर ठेवलं. "नदीला इथं वळण हाय. यात न्हाय. आणि पाडा न्हाय म्हंजे काय? चाळीस घरं काय हवेत हायेत? लाव फोन पोरीला."

मोबाईल वहिनीकडे होता आणि रेंज फक्त अंगणातल्या आंब्याखाली मिळायची. आम्ही तिघं आंब्याखाली फोनजवळ डोकी आणून उभे राहिलो. लेक ऑफिसात होती. भावाने सरळ विचारलं, "पाडा नकाशात का न्हाय?" ती म्हणाली, "मामा, थांब. आकाशातून काढलेले फोटो असतात. मी ते उघडते, तू मला रस्ता सांग. पत्ता राहू दे."

आणि भाऊ रस्ता सांगू लागला. आंब्याखाली उभा राहून, मोकळा हात हवेत हलवत. "गणेशपुरीचा बाजार दिसला? आता नदीकडं ये. पूल? पुलावरून पलीकडं जाऊ नको! अलीकडंच राहा. डावीकडं बांध हाय, त्याच्यावरून चल. हळू, पडशील."

"मामा, मी खुर्चीत बसलेय."

"तरी हळू. आता कौलारू घरं लागली? तिसरं सोड. त्याच्यामागं पांढरा पत्रा..."

"दिसला!" लेक ओरडली. ती इतकी जोरात ओरडली की भावाने फोन कानापासून लांब धरला. "शेजारी मोठा आंबा आहे. आणि एक गोठा, गवताचा."

भावाने मान वळवून अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं गोठा नव्हता. "गोठा तर दोन वरसांमागं पाडला."

"इथं अजून आहे. फोटो जुना असेल मामा."

तो त्या रिकाम्या जागेकडे बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग आत ढवळ्या बांधलेला असंल." ढवळ्या त्याचा बैल. गोठा पाडायच्या आधीच्या पावसाळ्यात गेला होता.

"छप्पर आहे ना, आतलं दिसत नाही," लेक म्हणाली. "पण असेल मामा."

"असंल," तो म्हणाला.

तिने तिथले दोन आकडे फोनवर वाचून दाखवले. वहिनीने ते कोळशाने भिंतीवर लिहून घेतले. आता त्या पाड्याचं कोणालाही उत्तर देता येणार होतं. भावाने घसा साफ केला. "मंग, आता मी कितवा?"

अंतर पाहिलं तर तो साठ-सत्तरावाच येणार होता. तिकडून बटणांचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "अंतराने बघितलं तर खूप खाली येतोस. पण मी चिठ्ठीत एक ओळ वाढवलीय. नातं मामा असेल तर अंतर बघू नकोस, वर घे. तुझा नंबर शून्य."

"शून्य? म्हंजे काहीच न्हाय?"

"संगणक मोजायला शून्यापासून सुरुवात करतो मामा. आत्या एक नंबर. तू तिच्या आधी."

भावाने वहिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एकाच्या आधी," तो स्वतःशीच म्हणाला. मग फोनमध्ये म्हणाला, "बरं. बघतो. राबाचं काम हाय." आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं येतो म्हणेल. वहिनीने चहा केला, दुधाचा. पण तो "येतो" म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. एसटीत बसल्यावर स्वतःवर इतकी चिडले की खिडकीबाहेर काय चाललंय ते दिसेना.

घरी लेक म्हणाली, "आला तर येईल." आणि साड्यांच्या घड्या घालायला बसली. पुढचे सात दिवस मी फोन वाजला की दचकायचे.

हळदीच्या दिवशी पहाटे मी अंगणात सडा घालायला दार उघडलं. मांडववाल्यांचे बांबू अजून जमिनीवर पडलेले होते. त्यांतल्या एका बांबूवर माझा भाऊ बसला होता, नवं धोतर, नवा सदरा, शेजारी वहिनी आणि तांदळाचं गाठोडं. पहिल्या एसटीने आले असावेत. दार वाजवलं नव्हतं.

"किती वेळ झाला येऊन?" मी विचारलं.

"लई. मांडव कुठं हाय? मामा आला तरी मांडव न्हाय?" आणि तो आत वळून मोठ्यांदा ओरडला, "उठा दाजी! लग्न हाय घरात, का सुट्टी?"

आतून हे धडपडत बाहेर आले. त्यांच्या मागून लेक आली, झोपेतली, केस मोकळे. मामाला बघून ती उंबऱ्यावरच थांबली. तो बांबूवरून उठला आणि तिच्यापुढे हात केला. "चल," म्हणाला, "जरा चालून बघू. उद्या चुकायला नको."

आणि बांबू ओलांडत, सड्याच्या ओल्या मातीतून, त्या दोघांनी आमच्या रिकाम्या अंगणात एक फेरी मारली.